गाडी किती वर्षं टिकते? खाऱ्या वाऱ्यातला धंद्याचा हिशोब



धंद्यासाठी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते? आणि हप्ता किती बसेल? तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि खरं तर तोच पहिला असायला हवा. ही गाडी माझ्याकडे किती वर्षं कमावणार?

मीही विचारला नव्हता. बीबीए करून मालवणात दुकान सुरू केलं. तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांना आणि होम-स्टेंना माल पोचवायला एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. सात वर्षांची गाडी, मीटरवर फक्त ६८,००० किलोमीटर. मी मनातल्या मनात खूश! किंमत ₹२,२०,०००. पदरचे चाळीस हजार घातले. जुन्या गाडीवर कर्ज मिळेना, म्हणून दुकानाच्या नावावर ₹१,८०,००० काढले. चार वर्षांची मुदत, महिन्याला ₹४,८०० हप्ता.

गाडी चालायला मस्त होती. एका हाकेला स्टार्ट. सव्वीस महिन्यांनी पासिंगची तारीख जवळ आली म्हणून मेस्त्रीकडे नेली. त्याने मागची मॅट उचलली, पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि तो आरपार खाली गेला. भोकातून गॅरेजची जमीन दिसायला लागली. मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "इंजिनाक काय्येक झाला नाय. मिठान पत्रो खाल्ल्यान तुझो."

मग चौकशी केल्यावर कळलं की आधीच्या मालकाकडे ती गाडी मासळीच्या कामाला होती. पेटीतल्या बर्फाचं खारं पाणी रोज मागच्या पत्र्यावर गळत होतं. पत्र्याच्या कामाचा अंदाज आला ₹७०,०००, आणि तेवढं करूनही पासिंग होईल याची खात्री नाही. शेवटी नोंदणी रद्द करून गाडी भंगारात दिली, ₹२८,००० आले. आणि पुढचे २२ हप्ते मी भरत राहिलो. ₹१,०५,६००. दारात नसलेल्या गाडीचे.

आजचा लेख त्या २२ हप्त्यांतून शिकलेला आहे. तुम्हाला तो फुकट मिळतोय, तर शेवटपर्यंत वाचा.

एका गाडीची तीन आयुष्यं

"गाडी किती वर्षं टिकते?" याला एक आकडा सांगता येत नाही, कारण गाडीला एक आयुष्य नसतं, तीन असतात. कागदाचं, लोखंडाचं आणि धंद्याचं. तिन्ही वेगवेगळ्या वेळी संपतात. जे सगळ्यात आधी संपतं, तेच तुमच्या गाडीचं खरं आयुष्य.

माझ्या व्हॅनचं लोखंडाचं आयुष्य आधी संपलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं उलट झालं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. मुंबईत कामाला असलेल्या कोकणातल्या माणसाने या टॅक्सीत सामान टाकून स्टेशन गाठलं नाही असं सहसा व्हायचं नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी संपली. इंजिन चालू असेल, पत्रा ठोकून-रंगवून ठेवला असेल, गिऱ्हाईक हौसेने बसत असेल, तरी कागद संपला म्हणजे धंदा संपला.

आपल्याकडे कागदाचं गणित साधारण असं आहे:

- पांढरी पाटी, खासगी कार: नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. ही फी आधी ₹६०० होती, एप्रिल २०२२ पासून ₹५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती ₹१०,००० झाली. शिवाय १५ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो.
- पिवळी पाटी, टॅक्सी किंवा टेम्पो: आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. पर्यावरण करही आठ वर्षांनंतर सुरू होतो. तुमच्या परवान्याला वयाची वेगळी मर्यादा आहे का, हे गाडी घेण्याआधी ओरोसच्या आरटीओत जाऊन विचारा. घेतल्यावर विचारून उपयोग नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते" असं बाजारात ठासून सांगतात. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवत नाहीत, ते खरं. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वेगळे कडक निर्बंध आले, तेही खरं. पण आपल्याकडची खासगी गाडी तपासणीत पास होत असेल तर ती चालवता येते. ऑगस्ट २०२१ च्या स्क्रॅप धोरणाचाही रोख मुख्यतः फिटनेसवर आहे. आणि फिटनेस ठरतो पत्र्यावर, ब्रेकवर, धुरावर. म्हणजे शेवटी तुमच्या सांभाळण्यावर.

मीटर सगळं सांगत नाही

माझी पहिली चूक ही की मी मीटर बघून खूश झालो. सात वर्षांत ६८,००० म्हणजे वर्षाला दहा हजारसुद्धा नाही. वाटलं, गाडी वापरलीच नाही! पण कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असं समीकरण नाही.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली एक लाल व्होल्वो घेतली. रोज शाळेला जायला-यायला जवळपास दोनशे किलोमीटर प्रवास. सप्टेंबर २०१३ मध्ये त्या एकाच गाडीने तीस लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. गिनीज बुकात नोंद आहे. २०१८ मध्ये ते वारले, तोपर्यंत आकडा बत्तीस लाख मैलांवर गेला होता. त्यांनी जादू काही केली नव्हती. गाडीसोबत जे माहितीपुस्तक मिळतं, ते वाचलं आणि त्यात लिहिलेल्या वेळी ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग केलं. पन्नास वर्षं!

आपल्यापैकी किती जणांनी ते पुस्तक उघडलंय? डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये तसंच असतं.

पण त्यांच्या गोष्टीत अजून एक मुद्दा आहे. ती गाडी रोज लांब पळत होती. इंजिन गरम होऊन एका लयीत चाललं की ते कमी झिजतं. इंजिनाला सगळ्यात जास्त त्रास होतो थंड असताना स्टार्ट करून दोन किलोमीटरवर बंद करण्याचा. आपल्या धंद्याच्या गाड्या नेमकं तेच करतात. बाजारपेठेतून दांडीला, दांडीवरून वायरीला, परत दुकानात. दिवसाला पंधरा वेळा स्टार्ट. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत तयार झालेली वाफ आणि थोडं इंधन ऑइलमध्ये मिसळत राहतं. सायलेन्सरमध्येही पाणी साचतं आणि तो आतून गंजतो.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर अजून एक भानगड. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. नुसत्या गल्लीबोळातल्या फेऱ्या असल्या की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं की मोठा खर्च.

म्हणून दोन गोष्टी पाळा:

१. छोट्या फेऱ्यांची गाडी असेल तर ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदला. पुस्तकात "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" अशा अर्थाचं काही लिहिलेलं असतं. आपण फक्त पहिलं अर्धं वाचतो. अशा वापराला बऱ्याच पुस्तकांत "कठीण वापर" म्हणून अजून कमी मुदत दिलेली असते, तीही बघा.

२. आठवड्यातून एकदा गाडी सलग पळवा. मालवणातून कसालपर्यंत जाऊन या. रिकामं जायला जिवावर येत असेल तर होलसेलची खरेदी त्याच दिवशी ठेवा.

घाटाचंही थोडक्यात सांगतो. आंबोली, फोंडा, करूळ उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक ब्रेक जाळतात, आणि कधी जीवही घालवतात. ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. टेम्पोत चिरे भरताना "अजून चार बसतील" असं म्हणू नका. त्या चार चिऱ्यांचं भाडं गिऱ्हाईक देत नाही, तुमचे पाटे, क्लच आणि टायर देतात.

मीठ नेमकं काय करतं

आता आपला खरा शत्रू. लाट फुटते तेव्हा पाण्याचे बारीक कण हवेत उडतात. वारा ते आत आणतो. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये मीठ सगळ्यात जास्त बसतं, जसजसं आत जाल तसं झपाट्याने कमी होतं. म्हणून देवबागच्या गाडीचा गंज आणि कुडाळच्या गाडीचा गंज यांत फरक असतो.

पावसाळ्यात घरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? तेच गाडीवर होतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कमी दमटपणातही ओलं राहतात. म्हणजे गाडी तुम्हाला कोरडी दिसते, पण मीठ बसलेल्या जागी पत्रा ओलाच असतो. आणि खारं पाणी गंजाचा वेग वाढवतं.

अजून एक गंमत. मुसळधार पाऊस गाडीचा वरचा पत्रा धुऊन काढतो. बॉनेट, छत, काचा स्वच्छ. पण जिथे पाऊस पोचत नाही तिथे मीठ तसंच राहतं. गाडीच्या पोटाखाली, मडगार्डच्या आत, दाराच्या खालच्या कडेत. त्यात लाल चिखलाचा थर बसला की तो ओल धरून ठेवतो. म्हणून आपल्याकडची गाडी वरून नवरी आणि खालून गंजलेली असते. गाडी बघायची तर वाकून बघायची.

यावर उपाय आपल्या शेजारीच आहे. दांडीवर किंवा सर्जेकोटला जाऊन बघा. होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यातून आलं की जाणता माणूस ते गोड्या पाण्याने धुतो. पावसाच्या आधी होडी वर ओढतात, शाकारतात, दरवर्षी तिच्या लाकडाची देखभाल करतात. वर्षातले ते दिवस ठरलेले असतात, त्यात चालढकल नाही. कारण होडी गेली तर पोट गेलं, हे त्यांना माहीत असतं. आपण मात्र पाच-सात लाखांची गाडी घेतो आणि रविवारी नुसत्या काचा पुसतो.

मी आता माझ्या गाडीला हे करतो:

- दर पंधरा दिवसांनी खालून धुणं. पाइप लावून पोट, मडगार्डच्या आतली बाजू, चाकांच्या मागे. सीझनमध्ये किनाऱ्यावर रोज जाणं असेल तर आठवड्याला. पाणी मात्र गोडं हवं. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे परत मीठच लावणं. पाण्याची चव घेऊन बघा, सोपं आहे.
- दारांच्या खालची भोकं मोकळी ठेवणं. दारात शिरलेलं पाणी बाहेर जायला खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून कुजतं. एक काडी आणि पाच मिनिटं पुरतात.
- एप्रिल-मेमध्ये खालून कोटिंग. आधी स्वच्छ धुऊन, पूर्ण सुकवून, गंज घासून, मगच. गंजावर काळा थर मारला की गंज झाकला जातो, थांबत नाही. आतल्या आत चालूच राहतो.
- जळकं ऑइल फासायचं नाही. जुनी सवय आहे आपल्याकडे. पण ते रबरी बुश खराब करतं, ब्रेकवर उडालं तर धोका, आणि पावसात वाहून विहिरीत जातं ते वेगळंच.
- मासळी, बर्फ, खारवलेला माल असेल तर खाली गळणार नाही असा ट्रे आणि काम संपल्यावर लगेच धुणं. रात्रभर तसंच ठेवायचं नाही.
- पुळणीवर गाडी घालायची नाही. पर्यटकांच्या हौसेखातरसुद्धा नाही. एका फोटोसाठी खारं पाणी थेट ब्रेक आणि बेअरिंगमध्ये जातं.

पावसाळ्यातली उभी गाडी

आपला धंदा सीझनचा. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक कमी, मग गाडी उभी. बऱ्याच जणांना वाटतं, चला, गाडीला आराम! पण गाडीला आराम मानवत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो आणि ब्रेक चिकटतात. टायरचा एकच भाग जमिनीवर दाबून राहतो. उंदीर वायरिंग खातात. सीटना बुरशी येते. सप्टेंबरात गणपतीला गाडी काढायला जावं तर पाच-दहा हजारांचं काम निघतं, आणि नेमकं तेव्हाच मेस्त्रीकडे रांग असते.

उपाय साधे आहेत. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवा. नुसती जागेवर स्टार्ट करून घुरघुरवत ठेवण्याने फार काही होत नाही. अगदीच उभी ठेवायची असेल तर बॅटरीची वायर काढा, सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडा, टायरमध्ये हवा भरून ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. आत वाफ कोंडते आणि पत्रा दिवसरात्र ओला राहतो. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, हे सगळ्यात चांगलं. आणि माडाखाली गाडी लावू नका, हे मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तरी लोक लावतात!

जुनी गाडी घेताना

पहिली गाडी जुनी घेणं चुकीचं नाही. भांडवल कमी असेल तर तेच शहाणपण. फक्त मी बघितलं नाही ते तुम्ही बघा.

१. गाडी कुठे राहिली ते विचारा. किती चालली, त्याच्या आधी. किनाऱ्यावर की आत? छपराखाली की उघड्यावर? काय वाहून नेत होती?

२. मॅट उचला, सीटच्या पट्ट्यांखाली बघा, स्टेपनीचा खड्डा बघा. बॅटरी घेऊन जा. लोहचुंबक न्या. पत्र्यावर चिकटला नाही तर तिथे लांबी भरून रंग मारलेला असू शकतो.

३. पुरातली गाडी ओळखा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी पॉलिश होऊन कुठेही विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. खालच्या भागात चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर हात जोडा आणि निघा. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग वर्षभराने त्रास देते, तोवर विकणारा फोन उचलत नाही.

४. इंजिन थंड असताना बघायला जा. सकाळी लवकर. तुम्ही यायच्या आधीच कोणी गरम करून ठेवली असेल तर विचारा, का?

५. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२१ लिहिलं असेल तर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षं झालेल्या रबराला भेगा पडू लागतात. तो खर्च किमतीतून वजा मागा.

६. कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. "नंतर करू" म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या.

आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने पर्यटक फिरवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग गाडीच काय, घरही पणाला लागतं.

आता मुख्य गोष्ट: वही आणि पेन

समजा, ₹७,००,००० ची नवी गाडी घेतली. रोज ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १८,००० किलोमीटर. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिला मालक काही सांभाळत नाही. सहा वर्षांत पत्रा जातो, गाडी ₹६०,००० ला विकतो. गेले ₹६,४०,०००. चालली १,०८,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ₹५.९३ फक्त गाडी झिजण्याचे. डिझेल वेगळं.

दुसरा मालक वर्षाला ₹८,००० जास्तीचे खर्च करतो. धुणं, कोटिंग, वेळेवर ऑइल. गाडी दहा वर्षं चालते, शेवटी ₹१,००,००० येतात. गेले ₹६,००,०००, अधिक देखभालीचे ₹८०,०००, एकूण ₹६,८०,०००. चालली १,८०,००० किलोमीटर. किलोमीटरला ₹३.७८.

फरक किलोमीटरला ₹२.१५. वर्षाला साधारण ₹३८,७००. आठ हजार घालून झाल्यावरची ही बचत आहे. एवढा नफा दुकानात मिळवायला किती माल विकावा लागतो, ते तुम्हीच सांगा.

या झिजण्याला हिशोबात घसारा म्हणतात. कायद्यालाही तो मान्य आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूचीत धंद्याच्या मोटारीचं आयुष्य आठ वर्षं धरलंय, भाड्याने चालणारीचं सहा. इन्कम टॅक्समध्ये साध्या मोटारीला वर्षाला १५ टक्के आणि भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या गाडीला ३० टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. आपली सात लाखांची गाडी पाच वर्षांनी कागदावर १५ टक्क्यांनी सुमारे ₹३,१०,००० ची उरते, ३० टक्क्यांनी सुमारे ₹१,१८,००० ची. अंदाजे नफ्यावर कर भरण्याची योजना घेतली असेल तर घसारा वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएला विचारा.

पण कागदावरचा घसारा खिशात पैसे ठेवत नाही. ते काम तुमचं. म्हणून माझे तीन नियम:

नियम १: हप्ता गाडीच्या आधी संपला पाहिजे. गाडीचं जे आयुष्य तुम्ही प्रामाणिकपणे धरलंय, त्याच्या अर्ध्यात, फार तर दोन तृतीयांशात कर्ज संपवा. किनाऱ्यावरच्या सात वर्षांच्या गाडीवर चार वर्षांचं कर्ज, ही माझी दुसरी चूक.

नियम २: प्रत्येक किलोमीटरचे पैसे बाजूला. वरच्या हिशोबात ₹३.७८ आले, तर आपण ₹४ धरू. दिवसाला ६० किलोमीटर म्हणजे ₹२४०. हप्ता चालू असेपर्यंत ते हप्त्यात जातील. संपला की मात्र थांबू नका, तेवढेच पैसे वेगळ्या खात्यात टाका. पुढची गाडी त्यातून येते. हप्ता संपला म्हणून टीव्ही घेणारे परत कर्जालाच जातात.

नियम ३: गाडी कधी सोडायची, ते मनाला नाही, वहीला विचारा. वर्षभरातली नेहमीच्या सर्व्हिसिंगपलीकडची दुरुस्ती लिहा. त्यात गाडी बंद राहिल्याने बुडालेले दिवस मिळवा. समजा दुरुस्ती ₹५५,००० झाली आणि सीझनचे १२ दिवस गेले, दिवसाला ₹२,००० प्रमाणे ₹२४,०००. एकूण ₹७९,०००. नवी गाडी वर्षाला पडते ₹६८,०००. म्हणजे जुनी गाडी आता महाग झाली. विका. आणि बुडालेला दिवस जुलैतला की ३१ डिसेंबरचा, हे बघून किंमत लावा.

विकताना किंवा भंगारात देताना एक काळजी घ्या. भंगारवाल्याला नुसती चावी देऊ नका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आरटीओत नोंदणी रद्द करा. नाहीतर गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

शेवटचं

माझी आताची गाडीही याच रस्त्यावर, याच खाऱ्या वाऱ्यात चालते. वारा बदलला नाही, माझी सवय बदलली. गाडीला आपण दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, छान आहे. पण त्याच दिवशी पाच मिनिटं वाकून तिच्या खालीही बघा.

आज एवढंच करा: गाडीत एक दहा रुपयांची वही ठेवा. पहिल्या पानावर आजची तारीख, मीटरचा आकडा, आणि मॅट उचलून पत्रा कसा दिसला ते लिहा. गाडी अजून घेतली नसेल तर त्याच पानावर लिहा, "ही गाडी मला किती वर्षं कमावून द्यायला हवी?" उत्तर आलं की मगच शोरूमला किंवा एजंटकडे जा.

धंदा करा, हिशोबाने करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!